एक ओळ, बंद पडलेलं वर्कशॉप आणि वजनकाटा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उद्यमनगरात बाबांचं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुनं लेथ. ऑफिसात एकच कॉम्प्युटर. बिलं, चलनं, मशीनचे प्रोग्रॅम सगळं त्याच्यावर. त्यावर लिनक्स मीच बसवलं. यंदा बाबांनी कास्टिंग मोजायला नवा वजनकाटा घेतला. त्याची यूएसबी वायर मित्राच्या विंडोज लॅपटॉपला लावली की वजन दिसतं, आमच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. शोधल्यावर कळलं की काट्यात सीपी२१० जातीची चिप आहे, तिचा ड्रायव्हर (तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे, पण या काट्याचा नंबर ड्रायव्हरच्या यादीत नाही. एक ओळ घालायची होती. कर्नलचा सोर्स (मूळ कोड) उतरवून ती घातली आणि रात्रभर कर्नल बिल्ड केला. बसवताना बूटच्या पार्टिशनमध्ये जागा नाही असं आलं, म्हणून जुना कर्नल काढून टाकला. सकाळी मशीन सुरूच होईना. रूट फाइल सिस्टिम सापडत नाही असा मेसेज येऊन थांबलं. दीड दिवस बिलं निघाली नाहीत, माल भरलेली गाडी चलनासाठी दारात उभी राहिली. बाबा म्हणाले, "परत त्या कर्नलला हात लावलास तर बघ."

मला हे काम सोडायचं नाही. असले छोटे बदल काही न मोडता कसे करायचे? ही ओळ खऱ्या कर्नलसाठी पाठवावी का, की एका ओळीपायी एवढ्या मोठ्या लोकांचा वेळ घेणं बरं दिसणार नाही? आणि मित्र प्लेसमेंटच्या मागे असताना मी यात वेळ घालवतोय, ते चुकतंय का?

– उद्यमनगरातला एक विद्यार्थी

उत्तर

तू ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी तुझ्या मनावरचं ओझं उतरवते. तुझी ओळ चुकलेली नव्हती. ड्रायव्हरच्या यादीत एक नंबर वाढल्यानं कुठलंही मशीन सुरू व्हायचं थांबत नाही. दीड दिवस बिलं अडली ती जुना कर्नल काढून टाकल्यामुळं.

काय झालं असणार ते नीट समजून घे, त्याशिवाय पुढचं काही करू नकोस. कर्नल जागा होतो तेव्हा त्याला तुझी डिस्क वाचताही येत नसते. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवेत, आणि ते ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलला हवे तेव्हा जोडायचे तुकडे) होऊन त्याच डिस्कवर पडलेले. ही गाठ सोडवण्यासाठी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एका गाठोड्यात बांधून बूटच्या जागेत कर्नलशेजारी ठेवतात. त्या गाठोड्याला इनिटरामएफएस म्हणतात. तू बहुतेक डिस्ट्रोची (उबंटूसारख्या तयार लिनक्सची) कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ती यादी, जशीच्या तशी घेतलीस. तिच्यात डीबगची (चुका शोधायला लागणारी) माहिती चालू असते. त्यानं प्रत्येक मॉड्यूल कितीतरी पटीनं फुगतं आणि त्यांच्यापासून बांधलेलं गाठोडंही फुगतं. जागा संपली ती इथं. जुना कर्नल काढूनसुद्धा गाठोडं पुरतं बांधलं गेलं नसावं, आणि सकाळी कर्नल रिकाम्या हातानं डिस्क शोधत उभा राहिला. मॉड्यूल बसवण्याच्या कमांडला "इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१" एवढं जोडलं असतंस तर डीबगची माहिती गाळली गेली असती आणि जागा पुरली असती.

ते तुला माहीत नव्हतं, ठीक आहे, ते कळत जातं. पण चालतं ते काढून न तपासलेलं बसवायचं, हे तुझ्या बाबांच्या धंद्यात कुणी करत नाही आणि तू त्याच वर्कशॉपमध्ये लहानाचा मोठा झालास. नवा जॉब आला की बाबा काय करतात ते आठव. प्रोग्रॅम घालतात, सेटिंग करतात, ड्राय रन घेतात, मग एकच पीस काढतात. तो गेजला लावून बघतात. फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय लॉट चालू होत नाही. टूलच्या ऑफसेटमध्ये २० मायक्रॉनचा फरक करायचा असला तरी आकडा दोनदा वाचतात, कारण काही कंट्रोलरवर आकड्यामागं टिंब द्यायचं राहिलं तर १० मिलिमीटरचे १० मायक्रॉन होतात. टिंबाची किंमत उद्यमनगरात कुणाला शिकवावी लागत नाही. कर्नलमधला छोटा बदल अगदी असाच असतो, आणि त्यासाठी लागणारी शिस्त तुझ्या घरात आधीपासून आहे.

आता काट्याकडं वळू. सोर्सला हात लावायच्या आधी, हात न लावता काम होतंय का ते बघायचं. हे तुला कदाचित रुचणार नाही, कारण सोर्स बदलण्यात वेगळीच मजा असते. पण बऱ्याचदा दोष कर्नलचा नसतोच. वायर आधी तपास. बाजारात मिळणाऱ्या कित्येक यूएसबी वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मित्राच्या लॅपटॉपला लावलेली वायर आणि तुझी वायर एकच आहे ना? मग टर्मिनलवर डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) चालू ठेवून काटा जोड आणि कर्नल काय म्हणतो ते वाच. एलएसयूएसबी या कमांडमध्ये काट्याचे दोन नंबर दिसतील, एक बनवणाऱ्याचा आणि एक मालाचा. ते वहीत लिहून ठेव. सिरियल पोर्ट तयार होऊनही उघडत नसेल तर तुझं युजरनेम "डायलआउट" गटात आहे का ते बघ, कारण उबंटू-डेबियनवर त्याशिवाय परवानगी मिळत नाही. आणखी एक खाचखळगा सांगते. उबंटू २२.०४ मध्ये ब्रेल पट्ट्यांसाठीचा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम सीएच३४० या दुसऱ्या एका चिपचे कन्व्हर्टर आपले समजून ओढून घ्यायचा. पोर्ट दिसायचा आणि लगेच गायब व्हायचा. लोक ड्रायव्हरमध्ये चूक शोधत बसायचे. तुझी चिप ती नाही, पण डीमेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय का लागते हे त्यावरून कळेल.

हे सगळं ठीक असेल आणि यादीत नंबर नसणं एवढंच कारण उरलं, तर त्याची सोय कर्नलमध्येच करून ठेवलेली आहे. ड्रायव्हर आधी लोड करायचा. मग सिसएफएसमध्ये (कर्नलच्या आतल्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेत) यूएसबी-सिरियलच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरात सीपी२१०एक्स उघडायचं. तिथं "न्यू_आयडी" नावाची फाइल दिसेल. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन त्या फाइलमध्ये काट्याचे दोन नंबर लिहायचे. बस्स. चालू कर्नलला त्याच क्षणी कळतं की हा नंबरही याच ड्रायव्हरचा. बिल्ड नाही, रीस्टार्ट नाही. मशीन बंद केलं की ते विसरतं, पण युडेव्हचा (उपकरण जोडलं की ठरलेलं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक नियम लिहिलास तर काटा जोडला की दर वेळी आपोआप होईल. बाबांचं काम एवढ्यावरच सुरू होतं. तुझी ओळ बरोबर असल्याचा पुरावाही इथंच मिळतो. चिप वेगळी असेल तर ड्रायव्हर बसेल पण वजन येणार नाही, किंवा भलतीच अक्षरं येतील. भलती अक्षरं दिसली तर आधी बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) काट्याच्या पुस्तिकेप्रमाणं लावून बघ.

असं आठ-दहा दिवस चालू दे. रोज वजनं घे. मग सोर्स उघड.

सोर्स उघडशील तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्हे, स्वतःच्या लॅपटॉपवर. त्यावरही आधी क्यूईएमयूमध्ये. क्यूईएमयू म्हणजे मशीनच्या आत चालणारं खोटं मशीन, ते शंभरदा मोडलं तरी कुणाची गाडी दारात अडकत नाही. बिल्ड झालेली कर्नलची फाइल त्याला थेट देता येते, डिस्कवर बसवायचीही गरज नाही. पहिला बदल अगदी साधा कर. "इनिट" फोल्डरातल्या मेन फाइलमध्ये स्टार्ट_कर्नल हे फंक्शन आहे. आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या जातीचं) अगदी सुरुवातीचं काम उरकलं की कर्नलचा कारभार तिथून सुरू होतो. त्यात पीआर_इन्फोनं तुझा एक मेसेज छाप, बिल्ड कर, क्यूईएमयूत चालव. धडाधड वर सरकणाऱ्या ओळींत आपली ओळ दिसते तेव्हा अंगावर काटा येतो. मला आला होता. त्यानंतर कर्नल म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी बंद पेटी आहे, असं वाटायचं थांबलं.

क्यूईएमयूचा तुझ्या कामाचा मोठा गुण असा की खऱ्या यूएसबीला लावलेली वस्तू आतल्या मशीनकडं सोपवता येते. काट्याचे दोन नंबर दिलेस की काटा आतल्या कर्नलला जोडला जातो. मशीन खोटं, काटा खरा. तुझी ओळ घातलेला कर्नल आत चालव, काट्यावर एक किलोचं माप ठेव, आणि आतल्या मशीनवर वजन दिसतंय का बघ. हा तुझा फर्स्ट पीस.

बिल्डला रात्र लागली असं लिहिलंस. डिस्ट्रोची कॉन्फिग घेतली की जगातल्या झाडून सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर बिल्ड होतात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं पहिली आवृत्ती बाहेर काढली तेव्हा तिच्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. आज ३ कोटींहून जास्त आहेत आणि त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचाच. "मेक लोकलमॉडकॉन्फिग" केलंस तर या क्षणी तुझ्या मशीनवर लोड असलेलीच मॉड्यूल घेतली जातात आणि बिल्ड कितीतरी लवकर आटोपतो. फक्त ते करताना प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफाय, सगळं जोडून आणि एकदा वापरून ठेव. जे त्या वेळी लोड नसेल ते नव्या कर्नलमध्ये नसेल, आणि प्रिंटर बंद पडला की तुझ्या बाबांचा विश्वास दुसऱ्यांदा जाईल. खरं तर एका ड्रायव्हरसाठी सगळा कर्नल बदलायचीही गरज नसते. चालू कर्नलच्याच आवृत्तीचा सोर्स आणि हेडर घेऊन फक्त "ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल" हे फोल्डर बिल्ड करता येतं. जुनं मॉड्यूल उतरवायचं, नवं चढवायचं, फसलं तर परत उलटं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं जाईल, तेव्हा गोंधळून जाऊ नकोस.

पूर्ण कर्नल बसवायची वेळ आलीच तर माझी पद्धत सांगते. जुना कर्नल कधीही काढायचा नाही, हे तुला आता जन्मात विसरता येणार नाही. नव्याला कॉन्फिगमधल्या लोकलव्हर्जनमध्ये वेगळं नाव द्यायचं, "काटा१" दे, म्हणजे यूनेम या कमांडला विचारलं की आपण कुठल्या कर्नलवर आहोत ते कळतं आणि मूळ मॉड्यूलवर नवी मॉड्यूल चढत नाहीत. ग्रबमध्ये (कुठला कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नेहमीचा कर्नल जुनाच राहू द्यायचा आणि "ग्रब-रीबूट" वापरून नवा फक्त पुढच्या एका वेळेपुरता निवडायचा. त्यासाठी ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्टला "सेव्हड" लिहावं लागतं. नव्या कर्नलच्या बूटच्या ओळीत "पॅनिक=१०" घालायचं. मग नवा कर्नल कोसळला तर १० सेकंदांनी मशीन आपणहून रीस्टार्ट होतं आणि जुन्यावर येतं. त्या दिवशी एवढी तजवीज असती तर बाबांना सकाळी काही कळलंही नसतं.

नवा कर्नल वर आला की लगेच समाधान मानू नकोस. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका? कर्नलच्या मेसेजनाही तशा ० ते ७ अशा ८ पातळ्या आहेत. इथं आकडा जितका लहान तितकं संकट मोठं. डीमेसेजला फक्त इशारा आणि चूक या पातळ्यांचे मेसेज मागायचे, जुन्या कर्नलवर एकदा आणि नव्यावर एकदा, आणि दोन्ही फाइलींतला फरक बघायचा. नव्यात एखादा इशारा वाढला असेल तर तो का वाढला हे कळेपर्यंत पुढं जायचं नाही.

छोट्या बदलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तू पत्रात "एका ओळीपायी" असं लिहिलं आहेस.

मी नोकरीत असताना एका ड्रायव्हरमध्ये दोन ओळी घातल्या होत्या. बफर (डेटा ठेवायची तात्पुरती जागा) मिळाला नाही तर एरर देऊन परत फिरायचं, इतकंच. अगदी शहाणपणाचा बदल. पण माझ्या दोन ओळींच्या चार ओळी वर एक लॉक (एका वेळी एकानंच आत यावं म्हणून लावायची कडी) घेतलेलं होतं आणि मी ते न सोडता मधूनच परत फिरत होते. टेबलवरच्या चाचणीत बफर कधी कमी पडलाच नाही, त्यामुळं सगळं हिरवं. ग्राहकाकडं तिसऱ्या दिवशी बफर कमी पडला, लॉक तसंच अडकून राहिलं, आणि पुढं त्या लॉकची वाट बघणारं प्रत्येक काम गोठत गेलं. कारण सापडायला आठवडा गेला. तो आठवडा मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून एक ओळ बदलायची असली तरी मी अख्खं फंक्शन वाचते, आणि त्या फंक्शनला कोण हाक मारतं तेही. कर्नलमध्ये एरर आली की फंक्शनच्या तळाशी उडी मारून घेतलेलं सगळं उलट्या क्रमानं सोडायची जी रीत आहे, ती याचसाठी. सरावाच्या कर्नलमध्ये "प्रूव्ह लॉकिंग" हा तपासणारा पर्याय चालू ठेव, असली लॉक न सोडता परत जाणारी वाट चालली गेली की तो ओरडतो. पण वाट चालली गेली तरच. म्हणून मुद्दाम एरर घडवून बघायची.

दुसरी गोष्ट २००३ सालची. कर्नलचा मूळ सोर्स तेव्हा बिटकीपर या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत असायचा आणि इतरांच्या सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएस या तसल्याच दुसऱ्या प्रणालीत ठेवलेली असायची. नोव्हेंबरमध्ये कुणीतरी त्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये घुसून वेट४ या सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रॅमनं कर्नलला मारायच्या हाकेत) दोन ओळी घातल्या. वरवर बघता ती साधी तपासणी होती: अमुक पर्याय दिलेत आणि युजर शून्य क्रमांकाचा असेल, तर एरर द्या. पण "युजर शून्य आहे का" हे विचारायला सी भाषेत दोन बरोबर-चिन्हं लागतात. तिथं एकच होतं. एका चिन्हानं प्रश्नाची आज्ञा झाली: युजरला शून्य कर. शून्य म्हणजे रूट. ते ठरावीक पर्याय देऊन हाक मारणारा कुठलाही प्रोग्रॅम सगळ्या मशीनचा मालक झाला असता. त्या बदलाची नोंद मूळ बिटकीपरमध्ये नव्हती, म्हणून तो पकडला गेला आणि मूळ सोर्सपर्यंत पोहोचलाच नाही.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुझी एक ओळ तपासायला कुणीतरी अनुभवी माणूस वेळ काढेल, दोन प्रश्न विचारेल, "हे कुठल्या उपकरणावर तपासलंस?" म्हणेल, तेव्हा त्याला तुझ्यावर संशय आहे असं समजू नकोस. एका चिन्हाचं काय होऊ शकतं हे त्या लोकांनी पाहिलेलं आहे.

तेव्हा पाठवावी का? पाठवच. ही ओळ तुझ्याजवळ ठेवलीस तर प्रत्येक अपडेटनंतर ती पुन्हा घालायची, पुन्हा बिल्ड, पुन्हा जोखीम. मूळ कर्नलमध्ये गेली की ती नेहमीच्या अपडेटमधून बाबांच्या कॉम्प्युटरवर आपोआप येईल, आणि तसलाच काटा घेतलेल्या दुसऱ्या कुणाच्या वर्कशॉपमध्येही. एका ओळीची लाज तर मुळीच वाटू देऊ नकोस. स्थिर आवृत्त्यांमध्ये एरवी खऱ्या बिघाडाची दुरुस्तीच घेतात, नवी सोय घेत नाहीत. पण नियमात नव्या उपकरणाचा नंबर घालायला मुद्दाम मुभा ठेवलेली आहे. सीपी२१०एक्सची फाइल उघड आणि यादी वाच. नंबरांपुढं उपकरणांची नावं लिहिलेली आहेत. ती यादी तुझ्यासारख्यांनीच एकेक ओळ घालून वाढवली आहे. त्या फाइलचा गिट लॉग (बदलांची नोंदवही) काढ, आधीच्या लोकांनी एका ओळीचं कारण कसं लिहिलंय ते बघ, यापेक्षा चांगला शिक्षक तुला मिळायचा नाही.

पाठवण्याआधी अगदी ताज्या सोर्समध्ये तो नंबर कुणी घातला नाही ना, ते शोध. ओळ नंबरांच्या क्रमानं बसव. इंडेंटेशन टॅबनंच कर. सोर्ससोबतच येणारी "चेकपॅच" ही तपासणी चालव, "गेट_मेंटेनर" चालवून कुणाला पाठवायचं ते काढ. मेल साधा मजकूर हवा, पॅच (तू केलेला बदल) मेलच्या अंगातच हवा, अटॅचमेंट नको. जीमेलच्या वेबपानावरून चिकटवलास तर टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागत नाही, म्हणून "गिट सेंड-ईमेल" वापर, आणि आधी तो स्वतःलाच पाठवून बघ. कारण दोन-तीन वाक्यांत लिही: कुठला काटा, कुठली चिप, न्यू_आयडीनं किती दिवस चालवून बघितला. खाली स्वतःच्या खऱ्या नावानं "साइन्ड-ऑफ-बाय". ही ओळ २००४ पासून आहे. हे काम द्यायचा मला हक्क आहे, अशी ती सही आहे. माझ्या लेखी तिचा आणखीही एक अर्थ आहे. दुसऱ्या कुणी, माणसानं किंवा चॅटबॉटनं, लिहून दिलेला कोड तुला अक्षर न् अक्षर समजावून सांगता येत नसेल, तर त्याखाली सही करू नकोस. उत्तर आलं नाही तर निदान एक आठवडा थांब, मगच आठवण कर. दुरुस्ती सुचवली तर ती करून दुसरी आवृत्ती पाठव आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांखाली लिही. वाद घालू नकोस, पण पटलं नाही तर कारण देऊन विचार.

कमेंटमधली स्पेलिंग दुरुस्त करून नाव लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. मेल पाठवायचा सराव म्हणून एखादी कर, पुढं नको. तुझ्याकडं खरा काटा आहे, खरी अडचण आहे. असा पहिला बदल सगळ्यांच्या नशिबी नसतो.

प्लेसमेंटचं थोडक्यात. एका ओळीवर नोकरी मिळत नाही आणि कर्नलच्या नोकऱ्या वेबच्या मानानं कमी असतात, हे खरं आहे. पण गाड्यांचे, यंत्रांचे, उपकरणांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्यांना सी आणि मेमरी नीट समजणारी मुलं सहज मिळत नाहीत. आठवड्याचे दोन दिवस ठरवून याला दे, बाकीचे प्लेसमेंटच्या तयारीला. सिस्टिम कॉल, शेड्यूलर हे मुळापासून समजून घ्यायचं असेल तर एमआयटीनं शिकवण्यासाठी बनवलेलं एक्सव्ही६ (एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) घे. काही हजार ओळींचंच आहे, सुट्टीत वाचून होतं आणि क्यूईएमयूतच चालतं.

राहिले बाबा. त्यांना कर्नल समजावून सांगायला जाऊ नकोस. "फर्स्ट पीस न काढता लॉट लावला, माझं चुकलं," एवढंच सांग. याहून जास्त त्यांना काही लागणार नाही. मग एखादी बाहेरची हार्डडिस्क घे, बिलं, चलनं आणि मशीनचे प्रोग्रॅम तिच्यावर उतरव, आणि ती त्यांच्या समोर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बिल्ड करणार नाही हा शब्द दे आणि पाळ.

येत्या सोमवारी उद्यमनगरला सुट्टी असेल. त्या दिवशी बाबांना विचारून, त्यांच्या देखत, काटा जोड आणि न्यू_आयडीमध्ये ते दोन नंबर लिही. स्क्रीनवर आकडा हलायला लागला की पहिलं कास्टिंग काट्यावर त्यांना ठेवू दे. आणि डीमेसेजमध्ये काय आलं ते मला जसंच्या तसं लिहून पाठव.